उडदाची लेवल

आमच्या घरचं दळण आठवड्यातून एकदा, अन् मी चक्कीवर रोज. यावरून आमच्या दुर्गाबाईची कटकट ठरलेली. बुढ्याले घरात काटे टोचतेत काय, म्हणते. टोचत नाहीत, पण घरात मले बोलाची पाळीच येत नाही, नुसती आयकाची येते. चक्कीच्या दारात कडूलिंब आहे, त्याखाली बाकडं आहे, अन् तिथं बसलं की गावात कोण कुठं चाललं ते आपोआप समजते. आमच्या धनजमध्ये यापेक्षा चांगली जागा ग्रामपंचायतीतही नाही.

चक्की वैजयंतीची. म्हणजे नावानं तिच्या नवऱ्याची, हरीओमची, पण तो बिचारा वावरातला माणूस, त्याले मोटरचा पट्टा बी धड चढवता येत नाही. पहिल्यापासून वैजूच चालवते. सकाळी लाइन आली की मोटर चालू, अन् मंग लाइन जाईपर्यंत बाई उभी. डबे रांगेनं लागलेले. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या. मी तिले म्हणो, वैजू, तू माह्यापेक्षा बुढी दिसून राह्यली. ती हासे. नात्यानं आमी एकमेकाचे कोणीच लागत नाही, पण ती मले आबा म्हणते अन् माह्या हातातला चहाचा कप माह्याआधी ती धुते. आता याले नातं नाही म्हणाचं त मंग कायले म्हणाचं.

तिचं माहेर मानोऱ्याकडे होतं. होतं म्हणतो, कारण ते गाव आता तळ्याच्या पाण्याखाली आहे. वैजूच्या लग्नानंतर काही वर्षांनी गाव उठलं. मायबाप दुसरीकडे एका खोलीत राहाले गेले अन् तिथंच एकामागं एक गेले. भाऊ नाही. उन्हाळा लागला की गावच्या बाया माहेरी निघतेत, कोणाले भाऊ घ्याले येते, कोणाले पुतण्या. मुराळी म्हणतेत त्याले, माहेरून लेकीले घ्याले येणाऱ्या माणसाले. वैजूले कोणी मुराळी नाही, अन् आला असता तरी नेणार कुठं होता? बाकीच्या बाया जीपमधी बसून हात हलवत जात अन् ही पिठाच्या हातानं हात हलवे. मले ते पाह्यवत नसे, मी पेपर वाचो.

तिले एकच पोरगं, प्रज्वल. कारंज्याले कॉलेजात जाय, एसटीनं जाय अन् एसटीनं ये. अंगानं काडी, पण डोकं कुठच्या कुठं. कारंज्यातलं एक नेट कॅफे बंद पडलं तवा तिथला एक जुनाट कंप्युटर हे पोट्टं एसटीत मांडीवर घेऊन आलं. जुन्या टीव्हीवानी पोट निघालेला त्याचा पडदा. घरात जागा नव्हती, म्हणून चक्कीच्या कोपऱ्यात, वजनाच्या काट्यामागं मांडला. मी म्हटलं, पिठात ठेवतं काय रे भैताडा, चार दिवसांत मरन ते. त्यानं त्याले आईचं जुनं लुगडं पांघरलं, बटनाच्या पाटीवर प्लास्टिकची थैली चढवली, अन् रोज संध्याकाळी सायकलच्या पंपानं त्याच्या पोटातलं पीठ फुकून काढे. ते मशीन मेलं नाही. माह्यं बोलणं कवाच खरं होत नाही.

त्याच्यावर नवीन काही चालेच ना. चाले फक्त एक जुन्या जमान्याचा बंदुकीचा गेम. त्यात आपण सोताले दिसत नाही. पडद्यावर खाली फक्त बंदूक अन् ती धरलेला हात दिसते, अन् आपण चालून राह्यलो असं समजाचं. समोरून राक्षस येतेत, त्याइले मारत, लाल-निळ्या चाब्या शोधत, दारं उघडत शेवटच्या दारापाशी जाचं. पोचलं की एक लेवल झाली. मंग दुसरी. मले आधी वाटलं, हे रिकामटेकड्या पोट्ट्याचे धंदे.

पण त्याच्या डोक्शात भलतंच होतं. एक दिवस मोटर बंद असताना तो वैजूले म्हणे, "आई, तू जलमभर या चक्कीपाशी उभी आहे. दळण होईपर्यंत कुठंतरी जाऊन येत जाय."

वैजू म्हणे, बापा, मले मराले वेळ नाही अन् तू मले बंदूक देऊन राह्यला. तिचं खरंच होतं. पेटीत धान्य ओतलं की ते संपेपर्यंत जेवढा वेळ, तेवढाच तिचा, अन् त्यातही पिठावर हात ठेवून पाहा लागे, बारीक आलं का जाडं. पोट्टं कंप्युटरपाशी जाऊन बसलं. मले वाटलं सोडून देल्लं. पण नाही. तो त्या गेमच्या लेवली सोता बनवाले शिकला, अन् आईसाठी बनवल्या त्या दळणाच्या मापानं. ज्वारीचा डबा लवकर होते, म्हणून ज्वारीची लेवल लहान. गव्हाले जरा वेळ लागते, गव्हाची मोठी. हरभऱ्याची डाळ दगडाले चिकटते, हळूहळू सोडा लागते, तिची त्याच्याहून मोठी. नावंही तीच. नेम असा ठरला की ज्याचं दळण पेटीत, त्याचीच लेवल खेळाची. धान्य संपाले आलं की दगडाचा आवाज कोरडा होते. तो आवाज आयकू आला की बंदूक टाकून उठाचं, मंग समोर राक्षस दात काढून उभा का असेना.

सुरुवातीले काय मजा सांगू. बाई भिंतीले नाक लावून उभी राहे अन् म्हणे, प्रज्वल, समोर काहीच दिसत नाही रे. तिले गरगरे. वळाचं डावीकडे त वळे उजवीकडे. मी बाकड्यावरून ओरडो, अवं मागं पाय, मागं! दळणाले आलेल्या बाया तोंडाले पदर लावून हासत. बाईमाणूस बंदूक चालवून राह्यली म्हणून चार दिवस गावात चर्चा झाली. मंग त्याच बाया, आता इकडून गोळी मार वैजू, म्हणून शिकवाले लागल्या.

अन् आत होतं काय? आमचं गाव. त्यानं भिंतीले आमच्याच भिंतीचे फोटो लावले होते. ज्वारीची लेवल चक्कीतूनच सुरू होये, हाच काटा, हाच पट्टा. बाहेर निघालं की मारुतीचा पार, एसटीचा थांबा, अन् वावरात राक्षसाच्या जागी रानडुकरं. डुक्कर मेलं की हरीओमले लय समाधान वाटे, खरं त त्यानं एकही मारलं नाही. भिंतीत कुठंतरी एक चोरखोली राहे. भिंत दाबत दाबत गेलं की एखादी जागा सरके अन् आत वैजूनं कवा न पाह्यलेलं काही असे. एकीत आकाशपाळणा होता. एकीत बर्फाचा डोंगर. ती भिंती दाबत जाय अन् भिंत सरकली की, आबा, पाहा पाहा, म्हणून मले बोलावे.

अन् शेवटच्या दारावर मी. हौ, मीच. त्या लेकाच्यानं मोबाइलनं गुपचूप माहा फोटो काढला अन् दारावरच्या राक्षसाले माह्यं तोंड लावलं. माह्या मिशा, माही टोपी. आख्खी चक्की हासून राह्यली होती. पण वैजूनं बंदूक खाली केली. म्हणे, आबावर कशी गोळी घालू, मी नाही बापा. दोनतीनदा त्या राक्षसाच्या हातानं ती मेली, पण गोळी घातली नाही. मंग पोट्ट्यानं त्याले बदललं. तेव्हापासून तो राक्षस मारत नसे. तिच्या मागं मागं चाले, दारापर्यंत सोडवाले. मी वरून रागावलो, पण आतून मले बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

तिच्या बोलण्यातही फरक पडला. दळण झालं की घाम पुसत म्हणे, गव्हावर जाऊन आली. हरभऱ्यावर जाऊन आली. कोणी नवखं आयकलं असतं त म्हटलं असतं बाई बयाडली.

राह्यली होती उडदाची. उडीद काही रोज येत नाहीत. पापडाचे उडीद येतेत उन्हाळ्यात, चैत्र लागला की. त्या आधी चक्की धुवा-पुसा लागते, दुसरं पीठ मिसळलं त पापडाचा सत्यानाश. बारीक पाहिजे म्हणून दोनदा दळा लागते. आख्ख्या गावाचे उडीद एका दिवशी लागतेत. म्हणून उडदाची लेवल सगळ्यात मोठी राहणार होती. मागच्या पावसाळ्यात प्रज्वलनं सांगतलं, "आई, उडदाच्या लेवलीत तुले माहेरी नेतो. दळणही उन्हाळ्यात अन् माहेरपणही उन्हाळ्यात. आबा मुराळी."

मंग तो तिले रोज इचारत बसे. दार कोणत्या रंगाचं होतं, उंबरा उंच का ठेंगणा, रांजण कोणत्या हाताले, आजी कुठं बसे. वैजू मोटरच्या आवाजात ओरडून ओरडून सांगे. पोपटी दार, आणि कडी नाही, लोखंडाचं कडं. आत गेलं की आंगण, आंगणात पेरूचं झाड, त्याच्या एका फांदीले दोर घासून खाच पडलेली. मले आठवते, सांगता सांगता तिचा चेहरा लहान पोरीवानी होये. झाली काय रे लेवल, असं मी त्याले इचारलं होतं. तो म्हणे, लावली हाताले. उन्हाळ्याले लय टाइम आहे, आबा.

कार्तिकात, सोयाबीन घरात आलं अन् प्रज्वल गेला. कारंज्याहून मित्राच्या गाडीवर मागं बसून येत होता. अंधार पडला होता. रस्त्यावर एक ट्रॉली बिनालाइटची उभी होती. मित्राचा पाय मोडला. आमचं पोरगं जागीच गेलं.

त्यावर मी जास्त बोलत नाही. हरीओमले दोघातिघांनी धरलं होतं, एवढं सांगतो. वैजूले धरा लागलं नाही, ती भिंतीले टेकून बसली होती अन् कोणी काही म्हटलं की हौ म्हणे.

तेरवीपर्यंत चक्की बंद. मंग उघडली, कारण लोकाइले भाकर लागते. कोपऱ्यात कंप्युटरवर लुगडं तसंच. कोणी तिकडे पाहे ना. काही दिवस असेच गेले. एक दिवस एक बाई ज्वारी घेऊन आली. वैजूनं ज्वारी पेटीत ओतली, पीठ पडाची पिशवी बांधली, पदराले हात पुसले, अन् लुगडं काढून बटन दाबलं. त्या बाईनं माह्याकडे पाह्यलं. मी पेपरात तोंड घातलं. आतून गोळ्यांचा आवाज आयकू आला, अन् रानडुकराचा. दळण झालं तशी ती उठली, डबा भरून देल्ला, अन् मले म्हणे, ज्वारीवर जाऊन आली आबा. मी हौ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

तसं मंग रोजचंच झालं. ज्वारी आली की ज्वारीची, गहू आला की गव्हाची. सगळ्या पाठ झाल्या होत्या, तरी ती चोरखोलीच्या भिंतीशी जाऊन दाबे अन् आकाशपाळण्यापाशी उलसक उभी राहे. संध्याकाळी सायकलचा पंप लावून पीठ फुकून काढे. हरीओम तिकडे पाय टाकत नसे. डबे उचलाचे असले तरी दुसऱ्या दारानं जाय. एकाच घरात एकाले ते पाह्यल्याशिवाय जगता येईना अन् एकाले पाहून.

माघात तिनं मले सांगतलं, "आबा, उडदाची राह्यली. चैत्रात उडीद येतीन. मी माहेरी जाईन." मंग हळूच म्हणे, कोणाले सांगू नका, हासतीन.

मी म्हटलं, नाही सांगत, शब्द देल्ला. पण चैत्र कायले, उद्या कारंज्याहून उडदाची डाळ आणतो, टाक पेटीत. त ती म्हणे, आणलेले नको आबा, आलेले पाहिजेत. आपल्या पेटीत पापडाचे उडीद पडतीन तवाची ती लेवल आहे, त्यानं तशी मोजून केली. अन् सोताच्या घरचे दळता येत नव्हते. माणूस गेला त्या घरी वर्षभर पापड-कुरड्या करत नाहीत, गावात कोणालेही इचारा. मले वाटते, तिले भेवही होतं. ही एक लेवल झाली की त्याच्या हातचं नवं काहीच राहणार नव्हतं. म्हणून मीही जोर केला नाही. म्हटलं, चैत्र काही लांब नाही.

चैत्र लागला. हरीओमनं वैजूच्या सांगण्यावरून दगडाले टाकी मारून, धार करून आणली. तिनं चक्की धुतली, पेटी पुसली, कापडी पिशवी नवीन शिवली. दर सोमवार उडदाचा म्हणून रिकामा ठेवला. सोमवारी ज्वारीवाल्याले परत पाठवे. मी बाकड्यावर बसून रस्त्याकडे पाहो. गहू आला, ज्वारी आली, शेवयाचा रवा आला. उडीद काही येईनात. आमच्या गावात पापड न करणारं घर मले माहीत नाही. मी चक्रावलो, पण बाईच्या कामात आपण तोंड घालावं कायले. चैत्र गेला. वैशाखही निघाला.

एका सोमवारी वैजू रिकाम्या चक्कीशी बसली होती. म्हणे, "दुःखाच्या घरचा हात पापडाले चालत नसन, आबा. पापड लग्नात वाढतेत ना. माणसाईचं बरोबर आहे."

माह्यं डोकं सरकलं. म्हटलं, कोण म्हणे असं, नाव सांग. ती म्हणे कोणी म्हटलं नाही, कोणी कायले म्हणन. आपल्याले समजलं पाहिजे. तिनं लुगडं कंप्युटरवर नीट ओढलं अन् परत निघालेल्या गहूवाल्या बाईले हाक मारली. उडदाचा सोमवार तिनं मोडला.

मी तडक घरी आलो. दुर्गाबाईले इचाराचं होतं, गावात असं कोण बोलून राह्यलं म्हणून. ती घरात नव्हती. वर गच्चीवर चढलो, अन् पाहतो त काय, आख्ख्या गच्चीवर लुगडं पसरलेलं अन् त्यावर पापड. उडदाचे. माह्याच घरी.

दुर्गाबाई वर आली तवा मी तिच्यावर असा खेकसलो की शेजारची बाई बाहेर निघाली. कुठून दळले? कोणी दळले? ती पापड पलटवत म्हणे, पलीकडच्या गावच्या चक्कीवरून. सगळ्याच जणी तिथं गेल्या. ऑटो करून, मागच्या रस्त्यानं, डब्यावर शाल टाकून, की वैजूच्या नजरेस पडू नये.

"त्या माउलीसमोर पापडाचे उडीद कसे नेऊ?" दुर्गाबाई म्हणे. "तिच्या घरी औंदा वाळवण नाही. ती उभी राहून आमचे पापड दळन, अन् आमी ते घेऊन घरी येऊ? आमाले काळीज नाही काय?"

मी पापडाच्या कडेले बसलो. कोणाले शिव्या देऊ? बायाईनं आपल्या परीनं माया केली होती. त्याईले वाटे, आपण तिचं दुःख झाकून राह्यलो. तिले वाटे, आपल्याले वाळीत टाकलं. अन् मधात मी, सगळं माहीत असून पेपर वाचणारा बुढा. मी वैजूले देल्लेला शब्द मोडला अन् दुर्गाबाईले सगळं सांगतलं. उडदाची लेवल, माहेर, पोपटी दार, सोमवार. जन्मात पहिल्यांदा ती बाई मधात बोलली नाही. सांगून झालं तशी डोळ्याले पदर लावून खाली गेली अन् चपला घालून गावात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन आली अन् चक्कीसमोर बाया. दुर्गाबाई सगळ्यात पुढं. सगळ्याईचे पापड झाले होते, तरी कोणी आमटीसाठी ठेवलेली डाळ आणली होती, कोणी दुकानातून. कोणाच्या डब्यावर शाल नव्हती. दुर्गाबाई म्हणे, वैजू, उडीद आहेत, पापडाचे, बारीक दळजो. वैजूनं एकेका डब्यात हात घालून उडीद पाह्यले. मंग माह्याकडे पाह्यलं. मी मान खाली घातली. तिले समजलं मी सांगतलं म्हणून. रागावली नाही. म्हणे, थांबा, पेटी पुसून घेते.

तिनं पेटी पुसली. सगळे उडीद एकदम ओतले. मोटर चालू केली. मंग हातपाय धुतले, तोंडावरचं पीठ धुतलं, डोक्शावर पदर घेतला. गावच्या बाया माहेरी निघताना घेतेत तसा. लुगडं काढलं. बाया तिच्या मागं उभ्या राह्यल्या. हरीओम वावरातून आला होता, कोणी सांगतलं कोण जाणे. दारातच उभा राह्यला, पण या खेपेले तो परत फिरला नाही.

लेवल चक्कीतूनच सुरू झाली. बाहेर कडूलिंब, बाकडं. थांब्यावर एसटी उभी, त्यावर मानोरा लिहिलेलं. ती आत शिरली, एसटीतून उतरली त गाडीवाट, दोहीकडे तुरी. एकही डुक्कर नाही, राक्षस नाही. बंदूक हातात होती, पण मारालेच कोणी नव्हतं. वाट वळली अन् समोर घर. पोपटी दार. लोखंडाचं कडं. ठेंगणा उंबरा.

वैजूनं एका हातानं आपलं तोंड दाबून धरलं. तिच्या खांद्यावर दुर्गाबाईनं हात ठेवला. मी म्हटलं, उघड ना, वैजू. तिनं बटन दाबलं. दार सरकलं.

आत काहीच नव्हतं. करड्या रंगाच्या चार कोऱ्या भिंती. त्यावर फोटो लावाचेच राह्यले होते. खाली जमीनही कोरी, वर काळं. आंगण नव्हतं, रांजण नव्हता, पेरू नव्हता. मधोमध फक्त मी उभा होतो. टोपी, मिशा, हात खाली सोडलेले. त्याले चालाले शिकवाचं राह्यलं होतं. ती जवळ आली तरी तो हलला नाही, मागं आला नाही, नुसता दाराकडे पाहून राह्यला.

बायाईले काही समजलं नाही. एकजण म्हणे, पुढं जाय ना वैजू. वैजू भिंतीपाशी गेली अन् दाबाले लागली. एक जागा दाबली, बाजूले झाली, दुसरी दाबली. आमाले वाटलं चोरखोली शोधून राह्यली, आता भिंत सरकन, आता सरकन. तिनं एक भिंत आख्खी दाबून पाह्यली, मंग दुसरी, मंग तिसरी. कोपरेही सोडले नाहीत. इकडे चक्कीत अर्धेही उडीद झाले नव्हते.

चौथी भिंत झाली तशी तिनं हात उचलला. म्हणे, "त्याची कराची राह्यली होती."

तवा मले आठवलं. लावली हाताले, उन्हाळ्याले लय टाइम आहे. माह्याच तोंडावर बोलला होता तो. कार्तिकातच उन्हाळा संपला बाप्पा त्या लेकराचा.

हरीओम दारातून आत आला. इतक्या महिन्यात पहिल्यांदा त्या कोपऱ्यापर्यंत आला. पडद्याकडे पाह्यलं. त्यानं ते दार ओळखलं असन, तो बी जावई होता त्या घराचा. म्हणे, बंद कर वैजू. चाल, घरी चाल.

"दळण होऊ द्या," ती म्हणे.

अन् ती तशीच राह्यली. त्या कोऱ्या खोलीत, त्या हलत नसलेल्या माह्यासमोर, बंदूक खाली करून. पडद्यावर काहीच होत नव्हतं. मागं आमी सगळे उभे, कोणाले जाता येईना. दुर्गाबाई रडून राह्यली होती. मी तिथं आतही उभा होतो अन् बाहेरही, अन् दोन्हीकडून मले तिच्यासाठी काहीच करता येत नव्हतं. घरापर्यंत सोडवाले ठेवला होता मले. घरच नव्हतं.

उडीद सरत आले. दगडाचा आवाज कोरडा झाला. वैजूनं बटन सोडलं, उठली, पदराले हात पुसले अन् पहिल्या दळणाचं पीठ दुसऱ्यांदा पेटीत ओताले घेतलं. उडीद दोनदा दळा लागतेत.

मंग ती परत येऊन बसली.